हा डायलॉग कोणाचा?

तिकिटात एवढंच लिहिलं होतं: "सेव्ह केलं की सॉफ्टवेअर हँग होतं. अर्जंट."

ज्यांनी कधी सपोर्टचं काम केलंय त्यांना माहीत असेल, 'हँग होतं' या दोन शब्दांत काहीही मावतं. नेट स्लो आहे, डिस्क भरलीय, कीबोर्डवर चहा सांडलाय, सगळं 'हँग'च. आम्ही नेहमीचे प्रश्न विचारले, लॉग मागवले. लॉग स्वच्छ. ना क्रॅश, ना एरर. आमच्या मशीनवर शंभर वेळा सेव्ह करून पाहिलं, शंभर वेळा झालं. 'आमच्याकडे होत नाही' असा शेरा मारून तिकीट बंद करायच्या बेतात होतो, तेवढ्यात क्लायंटकडून फोन आला. ही नुसती हँगची भानगड नाहीये, मालाच्या नोंदी गायब होतायत, आणि त्यावरून गेटवरच्या माणसावर संशय घेतला जातोय. मग मात्र मी गुपचूप भिवंडीला गेलो.

गोदाम तिथल्या इतर गोदामांसारखंच. पत्र्याचं छप्पर, दारात ट्रकांची रांग आणि गेटजवळ प्लायवूडच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर. ट्रक आला की चलानवरचा आकडा टाकायचा, उतरवलेले खोके मोजून तो आकडा टाकायचा, सेव्ह. इतकं साधं काम. ते करणारे काका पन्नाशीच्या पुढचे. मला बघून उठून उभे राहिले, तेव्हाच मला कसंतरी झालं.

"बघा साहेब," काका म्हणाले, "कधी होतं, कधी नाही होत. झालं की मग काय पण दाबा, हलत नाही. मग मी एंटर मारत बसतो. कधीतरी सुटतं."

'सुटतं' हा शब्द मी वहीत लिहून घेतला. नशीब!

पुढचा ट्रक आला. चलानवर २४० खोके, मोजले तर २३८. सेव्ह. आणि खरंच स्क्रीन गोठली. माऊस फिरतोय, पण कुठेही क्लिक करा, ढिम्म. मी उगाच काहीतरी करतोय असं दाखवायला टेबलाखाली वाकलो, तर सीपीयूच्या मागे एक रिकामी मॉनिटरची केबल लोंबकळत होती.

"काका, इथे दुसरा मॉनिटर होता का?"

"होता ना. ड्रायव्हर लोकांना आकडा दिसावा म्हणून खिडकीकडे तोंड करून ठेवलेला. नेला की वर ऑफिसात, झाले दहा-बारा दिवस."

मी आल्ट धरून स्पेसबार दाबला, मग एम, आणि मग डावा बाण दाबून धरला. (विंडोजवरचा हा जुना मंत्र पाठ करून ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल.) स्क्रीनच्या उजव्या कडेतून एक छोटा चौकोन सरपटत आत आला. "चलानवरचा आणि मोजलेला आकडा जुळत नाही. तरीही नोंद करायची?" खाली दोन बटणं, 'नोंद करा' आणि 'रद्द करा'.

काका म्हणाले, "ही कुठे होती?"

ती होती त्या मॉनिटरवर, जो तिथे नव्हता. पहिला मॉनिटर १९२० पिक्सेल रुंद. दुसरा त्याच्या उजवीकडे, म्हणजे त्याची हद्द १९२०पासून पुढे. कोणीतरी एकदा हा डायलॉग ओढून दुसऱ्या मॉनिटरवर नेला, आमच्या सॉफ्टवेअरने ती जागा इमानेइतबारे लक्षात ठेवली, आणि मॉनिटर गेल्यावरही दर वेळी डायलॉग तिथेच, हवेत, उघडत राहिला. उघडल्यावर त्याने मागची मुख्य विंडो अडवून धरली, कारण उत्तर मिळेपर्यंत अडवणं हेच त्याचं काम. आणि कीबोर्डसुद्धा त्याच्याच ताब्यात. त्यामुळे काका वैतागून एंटर मारायचे तेव्हा तो एंटर त्या न दिसणाऱ्या डायलॉगला जायचा. एंटरला कुठलं बटण दाबलं जाईल? 'रद्द करा'. कारण चुकून नोंद होण्यापेक्षा चुकून रद्द झालेली बरी, असा सुज्ञ विचार कोणीतरी केला होता.

म्हणजे काय झालं ते बघा. हा डायलॉग फक्त आकडे जुळत नसतील तेव्हाच येतो. म्हणजे ज्या ट्रकमध्ये माल कमी आला, नेमक्या त्याच ट्रकची नोंद गायब. आकडे जुळणारे सगळे ट्रक व्यवस्थित नोंदलेले. वर ऑफिसात बसलेल्या माणसाच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं? मलाही तेच वाटलं असतं.

आणि तो सुज्ञ विचार करणारा, ती जागा लक्षात ठेवणारा, तो कोड लिहिणारा 'कोणीतरी' म्हणजे मीच. चौदा ओळींचा कोड. रिव्ह्यूमध्ये त्याला "नाइस टच" अशी शाबासकीही मिळाली होती :-)

असो. परतीच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये भरपूर वेळ मिळाला, आणि तेव्हापासून डोक्यात एक गोष्ट घोळतेय. डायलॉग कुठे उघडायचा हा प्रश्नच आम्ही प्रोग्रामर लोक चुकीचा विचारतो. आम्ही विचारतो, "x किती आणि y किती?" खरा प्रश्न आहे, "हा डायलॉग कोणाचा?"

जत्रेत हरवलेलं पोर सापडलं तर आपण त्याला "तू मंदिरापासून किती फुटांवर उभा आहेस?" असं विचारत नाही. "कोणाचा रे तू?" असं विचारतो. एकदा ते कळलं की त्याला कुठे न्यायचं ते आपोआप कळतं.

आता कोणी म्हणेल की बाबा रे, तुझा घोळ जागा लक्षात ठेवण्यातला होता. सरळ स्क्रीनच्या मधोमध उघडायचा ना, विषय संपला. मीही पूर्वी असंच म्हणायचो. पण 'मधोमध' म्हणजे कुठे हे तीन ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं एक सॉफ्टवेअर लिहून बघा, म्हणजे कळेल.

विंडोजवर मोजमाप वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होतं, y खाली वाढत जातो. मॅकवर कोको नावाची जी मूळ व्यवस्था आहे तिच्यात शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात, शाळेतल्या आलेखाच्या वहीसारखं, आणि y वर वाढतो. शिवाय मॅकवर विंडोला 'सेंटर' हो म्हटलं तर ती आडवी बरोब्बर मध्ये येते, पण उभी मध्यापेक्षा थोडी वर. मुद्दाम तसं केलंय, कारण माणसाच्या डोळ्याला मध्य थोडा वरच वाटतो. फोटोफ्रेम टांगताना आई "जरा वर घे" म्हणते, तेच. तुम्ही गणित करून 'खराखुरा' मध्य काढलात, की मॅकवाल्याला तुमचं सॉफ्टवेअर कुठेतरी चुकल्यासारखं वाटतं आणि काय चुकलंय ते त्याला सांगताही येत नाही.

मग मॉनिटर दोन असतील तर मध्य कुठला? दोन्ही मिळून एकच लांबलचक डेस्कटॉप धरला, तर मध्य येतो दोन मॉनिटरच्या फटीत. 'ओके' एका मॉनिटरवर आणि 'कॅन्सल' दुसऱ्यावर, असे डायलॉग मी या डोळ्यांनी पाहिलेत. बरं, दुसरा मॉनिटर डावीकडे ठेवला असेल तर विंडोजवर त्याचे x चक्क उणे असतात, कारण शून्य मुख्य मॉनिटरच्या कोपऱ्याला बांधलेलं आहे. मग एखादा हुशार प्रोग्रामर "x शून्यापेक्षा कमी म्हणजे नक्की काहीतरी चुकलंय" असं समजून तो शून्य करून टाकतो. डाव्या मॉनिटरवर काम करणाऱ्या बिचाऱ्याचा प्रत्येक डायलॉग उजव्या मॉनिटरवर उडी मारतो. आणि गंमत म्हणजे खरोखरच चुकीचा असलेला उणे आकडा वेगळाच आहे. विंडोजवर मिनिमाइझ केलेल्या विंडोची जागा असते उणे ३२०००, उणे ३२०००. विंडो मिनिमाइझ असताना प्रोग्राम बंद केला आणि त्याने भाबडेपणाने ती जागा लिहून ठेवली, की दुसऱ्या दिवशी ती विंडो पार परमुलखात उघडते.

लिनक्सवर, म्हणजे तिथल्या जुन्या एक्स११ व्यवस्थेत, आणखी एक मजा. विंडोच्या भोवतीची चौकट आणि टायटल बार तुमचा प्रोग्राम काढत नाही, विंडो मॅनेजर नावाचा वेगळाच प्रोग्राम काढतो, आणि तोही विंडो दाखवायची वेळ आल्यावर. तोपर्यंत टायटल बार किती उंच असेल हे तुम्हाला माहीतच नसतं. मग आतल्या भागाची जागा लिहून ठेवायची आणि पुढच्या वेळी ती चौकटीची जागा समजून वापरायची, अशी चूक हमखास होते. परिणाम असा की दर वेळी विंडो एका टायटल बारइतकी खाली सरकते. रोज थोडी थोडी. महिन्याभराने ती टास्कबारच्या मागे जाऊन बसते.

शिवाय मॉनिटरची घनता. लॅपटॉपचा स्क्रीन दीडशे टक्क्यांवर, बाहेरचा मॉनिटर शंभर टक्क्यांवर. विंडोज ८.१पासून, म्हणजे २०१३पासून, दर मॉनिटरचं प्रमाण वेगळं असू शकतं. डायलॉग कुठे जाणार यावर त्याचा आकार ठरतो, आणि त्याचा आकार किती यावर त्याचा मध्य ठरतो. आधी अंडं की आधी कोंबडी?

हे सगळं मी लिहितोय ते माझं ज्ञान दाखवायला नाही (थोडंसं असेलही). मुद्दा असा की यातला प्रत्येक प्रश्न सोडवता येतो. दोन ओळी इथे, पाच ओळी तिथे. माझ्या चौदा ओळी अशाच जमल्या होत्या, आणि त्या चाळीस करून मी भिवंडीचा बगही मारू शकलो असतो. पण मग पंधरावा प्रसंग कुठला असेल ते मला आज माहीत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र माहीत असतं, किंवा पुढच्या आवृत्तीत कळतं. मॉनिटर किती, कुठला आत्ता काढला, टास्कबार कुठल्या कडेला, ही सगळी माहिती तिच्याकडे आहे. तिच्याकडे नसते ती एकच गोष्ट, की हा डायलॉग कुठल्या विंडोच्या कामासाठी आलाय. ती फक्त आपल्याला माहीत असते. आणि नेमकी तीच आपण सांगत नाही!

सांगायची सोय सगळीकडे आहे, आणि खूप जुनी आहे. विंडोजवर विंडोला 'ओनर' देता येतो. ओनर दिला की डायलॉग कायम त्याच्या वर राहतो, मागे लपूच शकत नाही. ओनर मिनिमाइझ झाला की तोही दिसेनासा होतो. एक्स११वर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ठरलेल्या नियमांतच 'ही विंडो अमक्या विंडोसाठी तात्पुरती आलीय' असं सांगायची चिठ्ठी आहे. त्याच नियमांत आणखी एक बारकावा आहे, जो मला फार आवडतो. विंडोची जागा वापरणाऱ्याने सांगितलीय की प्रोग्रामने आपल्या मनाने ठरवलीय, हे तिथे वेगवेगळं नोंदवता येतं, म्हणजे विंडो मॅनेजरला माणसाचं ऐकून प्रोग्रामचं म्हणणं बाजूला ठेवता येतं. तेव्हाच्या लोकांना हे सुचलं होतं.

आमचं सॉफ्टवेअर क्यूटीत लिहिलंय. (उच्चार 'क्यूट' असा करायचा असतो, पण ऑफिसात तसं म्हटलं की हसतात.) क्यूटीत डायलॉग बनवताना पहिल्याच कंसात पेरेंट विंडो द्यायची असते. (मराठीत 'पालक' म्हणावं तर भाजी डोळ्यासमोर येते, म्हणून पेरेंटच म्हणतो.) पेरेंट दिली की डायलॉग आपोआप तिच्या मधोमध येतो आणि टास्कबारवर तिच्यातच सामावतो. मी तिथे काय दिलं होतं? नल. म्हणजे 'कोणाचाच नाही'. पोरकं पोर, वर त्याच्या हातात जुन्या पत्त्याची चिठ्ठी. टास्कबारवर त्याचं वेगळं बटण तरी दिसलं असतं, पण स्क्रीन 'क्लीन' दिसावा म्हणून टास्कबारही आम्हीच लपवून ठेवला होता.

आणि जागा लक्षातच ठेवायची असेल, तर त्यासाठी क्यूटीत तयार फंक्शनची जोडी आहे. ती परत आणताना जागा स्क्रीनबाहेर जातेय का ते बघते आणि जात असेल तर आत ओढून घेते. ही सोय क्यूटी ४.२मध्ये आली, २००६ साली. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन.

'कोणाचा' हे सांगण्याचा खरा फायदा मात्र मला मॅकवर दिसला. २००१ साली मॅक ओएस टेन आलं तेव्हा त्यात 'शीट' नावाचा प्रकार आला. विंडोच्या टायटल बारखालून, प्रिंटरमधून कागद यावा तसा डायलॉग घसरत बाहेर यायचा आणि त्या विंडोला चिकटून राहायचा. चार डॉक्युमेंट उघडी असतील तर "सेव्ह करू का?" हा प्रश्न नक्की कुठल्या डॉक्युमेंटबद्दल आहे हे वाचायचीही गरज नाही, दिसतंच. पुढे २०२०मध्ये बिग सर आलं आणि ॲपलने ते घसरणं काढून टाकलं. आता शीट विंडोवर तरंगणाऱ्या कार्डासारखी मध्ये येते. ज्यांनी "ही शीट या विंडोची" एवढंच सांगितलं होतं, त्यांना कोडची एक ओळही न बदलता नवं रूप मिळालं. ज्यांनी स्वतः गणित करून टायटल बारखाली हुबेहूब नकली शीट चिकटवली होती, ते २०२०मध्येही जुन्याच फॅशनचे कपडे घालून लग्नाला आले.

लिनक्सवाल्यांनी तर पुढचं टोक गाठलं. एक्स११च्या जागी आलेल्या वेलँडमध्ये साध्या प्रोग्रामला आपली विंडो स्क्रीनवर कुठे आहे हे कळतच नाही, आणि "मला इथे ठेव" असं सांगताही येत नाही. फेडोराने २०१६पासून आणि उबुंटूने २०२१पासून हीच व्यवस्था नेहमीची म्हणून द्यायला सुरुवात केली. जीटीके या टूलकिटने २०२०च्या डिसेंबरमध्ये चौथी आवृत्ती काढताना विंडो हलवायचं फंक्शनच काढून टाकलं. राहिलं ते फक्त 'ही विंडो त्या विंडोची' हे सांगणारं. मेन्यूसारख्या छोट्या गोष्टींसाठी वेलँडमध्ये जी पद्धत आहे ती बघण्यासारखी आहे. तुम्ही आकडा देत नाही, नातं सांगता. "मी या बटणाच्या खाली हवा. खाली जागा नसेल तर वर उलटा कर. तेही जमत नसेल तर बाजूला सरकव." बाकीचं स्क्रीन सांभाळणारा बघून घेतो.

यावर लोक भयंकर चिडलेत, आणि ते सगळे मूर्ख नाहीत. किकॅड या सर्किट डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या टीमने २०२५मध्ये वेलँडबद्दल जाहीर तक्रार केली, आणि तिच्यात विंडोच्या जागा आपल्याला ठरवता येत नाहीत हाही मुद्दा होता. मला ती पटते. एका मॉनिटरवर सर्किट, दुसऱ्यावर बोर्ड, अशी मांडणी माणसाने स्वतः हाताने केलेली असते. सकाळी ऑफिसात आल्यावर ती तशीच मिळावी ही अपेक्षा रास्तच आहे. आमच्या टीममधला एकजण तर म्हणतो, "अरे, माझ्या घरात सोफा कुठे ठेवायचा हे बिल्डर ठरवणार का?" बरोबर आहे त्याचं. सोफा तुझा, जागा तुझी.

पण डायलॉग म्हणजे सोफा नव्हे. डायलॉग म्हणजे दारात आलेला कुरिअरवाला. त्याने कालच्या जागी उभं राहायची गरज नाही, आत्ता ज्याच्याकडे काम आहे त्याच्या समोर उभं राहायचं. मुख्य विंडोची जागा लक्षात ठेवण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, उलट ती सोय वेलँडने द्यायलाच हवी होती आणि द्यायला इतकी वर्षं घालवायला नको होती. डायलॉगच्या बाबतीत मात्र मी बिल्डरच्या बाजूने आहे. भिवंडी बघितल्यापासून तर जास्तच.

अजून एक गोष्ट, जिचा मी आधी कधी विचारच केला नव्हता. ज्यांना कमी दिसतं ते लोक स्क्रीन मॅग्निफायर वापरतात. दोनशे, तीनशे टक्के मोठं केलेलं, म्हणजे एका वेळी स्क्रीनचा एक तुकडाच समोर. तुम्ही काम करताय खाली उजव्या कोपऱ्यात आणि डायलॉग उघडला स्क्रीनच्या मधोमध, तर तो मॅग्निफायरच्या बाहेर राहू शकतो. म्हणजे त्या माणसासाठी रोजच भिवंडी. काम चाललंय त्या विंडोजवळ उघडलेला डायलॉग निदान सापडण्याची शक्यता तरी असते. हल्ली ऑफिसात जे भिंतीएवढे रुंद मॉनिटर आलेत, त्यांच्यावर तर चांगल्या नजरेच्या माणसालाही मधोमधचा डायलॉग मान वळवून शोधावा लागतो.

तर मग आम्ही काय केलं? सोमवारी ऑफिसात जाऊन चौदा ओळी उडवल्या आणि नलच्या जागी पेरेंट दिली. भिवंडीचा बग तिथेच संपला. मग उत्साहाच्या भरात सगळ्या कोडमध्ये असे किती पोरके डायलॉग आहेत ते शोधलं. सत्तावन्न!

इथे खरी अडचण सुरू झाली. तीसेक ठिकाणी पेरेंट समोरच होती, आळसाने दिली नव्हती. उरलेल्या ठिकाणी पेरेंट कोण, हेच कळेना. खोल कुठेतरी, डेटाबेसशी बोलणाऱ्या कोडमध्ये "कनेक्शन तुटलं" असा डायलॉग. त्या कोडला विंडो वगैरे काही माहीतच नाही, असूही नये. रात्री आपोआप बॅकअप होतो, त्यात चूक झाली तर डायलॉग. हा कोणाचा? रात्री दोन वाजता गोदामात कुत्रंही नसतं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना मुख्य विंडो पेरेंट म्हणून चिकटवायला निघालो होतो. म्हणजे सरकारी फॉर्मवर 'लागू नाही' लिहायच्या ऐवजी काहीतरी भरायचं, तसं. टीम लीडने थांबवलं. म्हणाली, "ज्याची पेरेंट सापडत नाही, तो डायलॉग असायलाच हवा का ते आधी बघ."

दोन दिवस बसून बघितलं. बहुतेक नकोच होते. कनेक्शन तुटलं हे सांगायला काम अडवायची गरज नाही, खिडकीच्या तळाशी एक लाल पट्टी पुरते, आणि कनेक्शन आलं की ती आपली आपण जाते. बॅकअपचा निरोप गेटवरच्या माणसाला देऊन उपयोगच नव्हता, तो ऑफिसात ईमेलने गेला. काही डायलॉग तर "झालं!" एवढंच सांगायला येत होते. ते उडवले, कोणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी सत्तावन्नपैकी एकतीस उरले, आणि प्रत्येकाला हक्काची पेरेंट.

आकडे न जुळण्याचा डायलॉग मात्र उरला, पण बदलला. आता तो अडवत नाही. नोंद सेव्ह होतेच, फक्त तिच्यावर 'तफावत' असा शिक्का बसतो आणि वरच्या ऑफिसला दिसतो. डायलॉग फक्त शेरा लिहायचा का ते विचारतो. एंटर मारला तर शेरा कोरा राहतो, नोंद राहते.

क्लायंटला मी लेखी कळवलं की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या गायब नोंदी सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे गेल्या, ऑपरेटरचा काही संबंध नाही. मॅनेजरचं म्हणणं होतं की 'सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे' हे जरा सौम्य करावं, 'डिस्प्ले कॉन्फिगरेशनमधल्या बदलामुळे' असं लिहावं. तांत्रिकदृष्ट्या तेही खोटं नव्हतं. बरीच चर्चा झाली. शेवटी पहिलंच वाक्य गेलं, पण त्यासाठी टीम लीडला दोन मीटिंग कराव्या लागल्या.

पंधरा दिवसांनी नवीन आवृत्ती टाकायला परत गेलो. काकांना दाखवलं, मुद्दाम आकडा चुकवून. डायलॉग समोर, बरोब्बर फॉर्मवर उघडला. काकांनी तो माऊसने धरला, ओढत ओढत स्क्रीनच्या उजव्या कडेला नेला, अर्धा बाहेर घालवला, बंद केला. परत सेव्ह दाबलं. डायलॉग परत फॉर्मवर.

त्यांनी असं चार वेळा करून बघितलं. मग म्हणाले, "आता प्रिंटरचं पण बघता का जरा?"